उलट्या गोलकीपरचा तुलनात्मक तक्ता

तक्तासाहेब हे नाव ऑफिसातल्या लोकांनी त्यांना मागून ठेवलं होतं, आणि त्यांना ते समोरून आवडत होतं. खरेदी विभागात वर्षानुवर्षं हेडक्लार्कची खुर्ची झिजवल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं. तीन कोटेशनं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता समोर असल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे जातच नसे. घरातला आरसा फुटला, तेव्हा तीन दुकानांचे दर हातात येईपर्यंत नवराबायको खिडकीच्या काचेत बघून भांग पाडत होते. लग्नाच्या वेळीही असा तक्ता मांडला होता का, असं शेजारणीने एकदा त्यांच्या बायकोला विचारलं. "मांडला होता, पण माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "हे तिसरे होते. पहिल्या दोघांनी कोटेशन मागे घेतलं."

ही बायको म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या चेनवाल्या वहिनी. सकाळ-संध्याकाळ त्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत, सुजलेल्या गालांना नंबर देत आणि मधल्या वेळात घरी येऊन अडकलेल्या चेनींचे व्हिडिओ करत. दप्तराची चेन, जॅकेटची चेन, गादीच्या खोळीची चेन. व्हिडिओत फक्त हात दिसत आणि आवाज ऐकू येई. चेहरा दाखवायची त्यांना हौस नव्हती, कारण दिवसभर लोकांचे उघडे जबडे बघितल्यावर चेहऱ्यांचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. नोकरी सोडून हेच काम करावं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. अडचण एवढीच, की डॉक्टरांची भाची त्या काउंटरवर डोळा ठेवून होती. एकदा उठलं की पुन्हा बसायला मिळणार नव्हतं. म्हणून चॅनलचे आकडे जरा वर सरकायची त्या वाट बघत होत्या.

एका रविवारी चहा घेता घेता त्या म्हणाल्या, "अहो, मला एक टूल घ्यायचंय. लोक काय शोधतात, कशावर व्हिडिओ केला तर चालेल, ते सगळं सांगतं म्हणे."

तक्तासाहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणे म्हणजे? कोण म्हणे?"

"त्या टूलच्या जाहिरातीतच लिहिलंय."

"म्हणजे विक्रेताच म्हणतो, माझा माल चांगला. अगं, चहाची गाळणीसुद्धा आपण बघून, पारखून..."

"त्या गाळणीचं नाव काढू नका," वहिनी म्हणाल्या.

खरं सांगायचं तर या प्रकरणात तक्तासाहेबांचाही जीव अडकला होता. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघालेली खेळाडूंची कार्डं त्यांनी बुटांच्या खोक्यात जपून ठेवली होती. ते त्याला संग्रह म्हणत, वहिनी खोका म्हणत. अशा कार्डांना आज कुठे काय भाव आहे, हे सांगणारीही टूलं असतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या दुपारी शोधता शोधता त्यांना एक लेख सापडला. मथळा असा, की वाचून अंगावर काटाच यावा: 'कार्डसंग्राहक आणि व्हिडिओ-निर्माते यांच्यासाठी कोणतं रिसर्च टूल चांगलं?' एका घरात एक संग्राहक, एक निर्माती, आणि दोघांना पुरेल असं एकच टूल. हा लेख आपल्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलाय की काय, असं त्यांना वाटून गेलं.

लेखात तीन टूलांची तुलना होती. एकाच्या चिन्हावर घुबड होतं, दुसऱ्याच्या दुर्बीण, तिसऱ्याच्या होकायंत्र. घुबडाला सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी मिळाले होते. तक्तासाहेबांनी पान खाली सरकवत नेलं, तर तळाला बारीक अक्षरांत लेखकाची ओळख होती, आणि लेखक घुबडाच्याच पगारावर होता. त्यांना मनापासून आनंद झाला. तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशनं एकाच हस्ताक्षरात आलेली त्यांनी आयुष्यभर पकडली होती. इतक्या दूरच्या परक्या धंद्यातही माणसं तितकीच साधी आहेत, हे बघून त्यांना घरच्यासारखं वाटलं.

"तुलना आपणच करायची," त्यांनी वहिनींना जाहीर केलं. "पद्धतशीर. तोपर्यंत तू काही घेऊ नकोस."

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"तक्ता पूर्ण होईपर्यंत," असं ते अशा आवाजात म्हणाले, की पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

खरेदी विभागाचा पहिला नियम असा, की सगळ्यांना एकच नमुना द्यायचा. एकाला फूटपट्टीचे दर विचारायचे आणि दुसऱ्याला टेबलाचे, असं चालत नाही. तेव्हा कार्डाच्या बाजूने एक आणि व्हिडिओच्या बाजूने एक, असे दोन नमुने पक्के झाले. कार्ड म्हणून उलटा गोलकीपर निघाला. या गोलकीपरचा फोटो छापखान्याने उलटा लावला होता, त्यामुळे त्याच्या जर्सीवरचा आकडा आरशात दिसावा तसा दिसे आणि डावखुरा असल्यासारखा तो भलत्याच बाजूला झेप घेई. व्हिडिओ म्हणून वहिनींचा दप्तराच्या चेनीचा व्हिडिओ ठरला; नमुना कुठला हे संबंधितांना कळू द्यायचं नसतं, म्हणून वहिनींना ते सांगितलं नाही. दुसरा नियम असा, की एकट्याने केलेली चाचणी ऑडिटला चालत नाही. निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या वेळी, पुन्हा पुन्हा करायला हवी. शिवाय टूल फुकट वापरायची मुदत आठवडाभराचीच होती आणि दर वेळी नवा फोन नंबर लागायचा. म्हणजे बिल्डिंग कामाला लावणं आलंच.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी हरकत घेतली. रहिवाशांचे फोन एखाद्या सामायिक कामासाठी वापरायचे तर तसा ठराव हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनीच चाचणी समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव सुचवलं. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सदस्य झाले, कारण त्यांना वेळ होता आणि ते दार उघडं ठेवून बसत. वहिनींचा धाकटा भाऊ विमा विकायचा आणि सल्ला फुकट द्यायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं, तरी तो प्रत्येक बैठकीला हजर असे.

"भाऊजी, एक काम करा," तो म्हणाला. "तिन्ही घ्या, आणि आवडलं नाही ते परत करा."

"परत कसं करणार? ती काय पिशवी आहे?"

"मग एकही घेऊ नका. पण घ्यायचंच झालं तर मला विचारून घ्या."

पोस्टमास्तरांची गाडी दारातच अडली. दुर्बीणवाल्या टूलने त्यांना आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. नऊ चित्रांतून टपालपेट्या ओळखायच्या होत्या. हयात ज्यांनी टपालात घालवली त्यांना हा प्रश्न म्हणजे परीक्षेत स्वतःचं नाव विचारण्यापैकी होता. पण पोस्टमास्तर बाणेदार माणूस. "ही खासगी पेटी आहे, हिला टपालपेटी म्हणता येणार नाही. आणि हिच्यावर वेळापत्रक नाही, म्हणजे ही बंद झालेली," असं म्हणत त्यांनी एकही पेटी मंजूर केली नाही. टूलने त्यांना तीनदा यंत्र ठरवलं. चौथ्यांदा तक्तासाहेबांनी त्यांचा हात धरून बटणं दाबली, तेव्हा कुठे ते माणसांत जमा झाले. त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी नीट बोलत नव्हते.

होकायंत्रवाल्यांचा त्रास निराळा होता. तक्तासाहेबांनी त्यांना रीतसर पत्र पाठवून दरपत्रक मागवलं. उत्तर आलं, "तुमचा प्रश्न समजून आम्हाला आनंद झाला." प्रश्न समजल्याचं कुठलंही लक्षण पुढच्या मजकुरात नव्हतं. त्यांनी पुन्हा लिहिलं, खाली सही, हुद्दा सगळं घातलं. पुन्हा तितकाच आनंद. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पत्रामुळे कुणाला एकदाही आनंद झाला नव्हता, त्यामुळे रागवावं की नाही तेही त्यांना ठरवता येईना. शेवटी त्या रकान्यात त्यांनी 'स्वभावाने चांगले' असा शेरा मारला.

तरीही चाचणी सुरू झाली, आणि शिस्तीत चालली. रोज सकाळी जिन्यात, दुपारी पोस्टमास्तरांच्या खोलीत, चहाच्या सुट्टीत तक्तासाहेबांच्या ऑफिसात. प्रत्येकाने तिन्ही टूलांत उलटा गोलकीपर शोधायचा, मग दप्तराची चेन लावायची, आणि काय दिसलं ते तक्तासाहेबांना कळवायचं. ऑफिसात तर स्टेशनरीच्या कपाटापासून बिलांच्या टेबलापर्यंत सगळ्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी चेन उघडायचा आवाज येई. साहेब एकदा केबिनमधून बाहेर आले आणि सगळे एकाग्र दिसले म्हणून समाधानाने आत गेले.

आणि एके दिवशी घुबडाने डोळे उघडले. उलट्या गोलकीपरच्या नावापुढे हिरवा बाण आला. 'मागणी वाढत आहे.' दोन दिवसांनी दुर्बिणीनेही तेच सांगितलं. होकायंत्राने आनंद व्यक्त करून मग तेच सांगितलं. तीन कोटेशनं, तिन्ही स्वतंत्र, आणि तिन्ही एकमताने. तक्तासाहेबांच्या छातीत काहीतरी भरून आलं. कित्येक वर्षं बायको ज्याला खोका म्हणत होती, त्यात जग ज्याच्या मागे लागलंय अशी चीज पडून होती. त्या दिवसापासून ते जिना उतरताना कठड्याला हात लावेनासे झाले.

बातमी लपवणार कशी? समितीतल्या प्रत्येकाच्या फोनवर तोच बाण होता. पोस्टमास्तरांच्या भावाच्या जुन्या डब्यात उलटे गोलकीपर निघाले. सेक्रेटरींच्या सासऱ्यांकडे निघाले. मेहुण्याने तर रद्दीवाल्याकडून एक अख्खा गठ्ठाच उचलून आणला. छापखान्याने बहुधा सगळेच उलटे छापले असावेत, ही शंका तक्तासाहेबांच्या मनात डोकावली. पण ज्याची मागणी वाढतेय ती वस्तू जास्त सापडली तर बरंच की, असं म्हणून त्यांनी ती परत पाठवली. सगळ्यांनी आपापली कार्डं विक्रीला लावली. रोज सकाळी प्रत्येक जण आपल्या कार्डाला गिऱ्हाईक आलं का ते बघे, दर दहा मिनिटांनी पुन्हा बघे, आणि बाण आणखी थोडा वर जाई.

पण घरात खरा बदल झाला तो वहिनींच्यात. त्यांच्या चॅनलचा आलेखही वर चालला होता. आधी त्यांना वाटलं, फोनच बिघडला. मग त्या रोज दवाखान्यातून आल्या आल्या चपला न काढता आकडे बघू लागल्या. कधी नव्हे ते गुणगुणू लागल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या पानात वाढता वाढता सांगून टाकलं, "सोमवारी डॉक्टरांना सांगणार आहे. भाचीला बोलावून घ्या म्हणून."

"टूल न घेताच?"

"टूल कशाला? लोक बघतायत की आपणहून." त्यांचा चेहरा असा उजळला होता, की तक्तासाहेबांना उगीचच लग्नातले फोटो आठवले. त्यांनाही फार बरं वाटलं. घराण्यात एकाच वेळी दोन बाण वर चालले होते.

रविवारी सकाळी समितीची शेवटची बैठक तक्तासाहेबांच्या बाहेरच्या खोलीत भरली. कार्डं विकली का जात नाहीत, हा विषय होता. मेहुण्याने शोध लावला होता, की घुबडाच्या वरच्या दर्जाच्या सेवेत नकाशा असतो, आणि मागणी नेमकी कुठून येते ते त्यात दिसतं. तीही एक दिवस फुकट होती. "गिऱ्हाईक कुठे राहतं ते कळलं, की सरळ जाऊन गाठायचं," तो म्हणाला. सगळे तक्तासाहेबांच्या कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीने उभे राहिले.

नकाशा उघडला. सगळं जग करडं, आणि त्यात एकच लाल टिपका. "एकाच देशात आहेत म्हणजे पाठवायला सोपं," पोस्टमास्तर म्हणाले. तक्तासाहेबांनी टिपका मोठा केला. "आपल्याच शहरात!" सेक्रेटरींचा आवाज चढला. आणखी मोठा केला. टिपक्याचे दोन टिपके झाले. एक नदीपलीकडे, एका सरकारी इमारतीवर. ती इमारत तक्तासाहेबांना ओळखीची वाटली, कारण तिथे ते रोज सकाळी सही करायचे. दुसरा टिपका एका गल्लीत शिरला, किराणा दुकानावरून वळला आणि एका गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. टाकीचं झाकण तिरकं होतं. ते बसवून घ्यायचा ठराव सेक्रेटरींनी गेल्या वर्षीच मांडला होता.

सगळ्यांनी एकदा छताकडे बघितलं.

"म्हणजे ही मागणी..." मेहुणा म्हणाला.

"आपलीच," पोस्टमास्तर म्हणाले. "रोज आपणच शोधत होतो, आणि आपणच खूष होत होतो."

मग मात्र प्रत्येकाला वाचा फुटली. समिती आपण नाइलाजाने नेमली होती, असं सेक्रेटरींनी सांगितलं. आपल्याला सुरुवातीलाच यंत्र ठरवलं होतं तेव्हाच हात झटकायला हवे होते, असं पोस्टमास्तर म्हणाले. मेहुण्याने गठ्ठा भाऊजींच्या टेबलावर ठेवला आणि "तुमच्या संग्रहाला राहू द्या," असं म्हणून तो ताईला न भेटताच गेला. पाच मिनिटांत खोलीत तक्तासाहेब, कॉम्प्युटर आणि भलत्या बाजूला झेप घेणारे शेकडो गोलकीपर उरले.

एवढा अपमान त्यांनी गिळलाही असता. ऑडिटवाल्यांनी याहून कडू पाजलेलं होतं. पण नकाशाच्या कोपऱ्यात दुसरा पर्याय दिसत होता: 'व्हिडिओ'. त्यांचं बोट तिथे घुटमळलं. मग त्यांनी ते दाबलं. तोच देश, तेच शहर, तेच दोन लाल टिपके. तीच पाण्याची टाकी.

आतून वहिनींचा आवाज येत होता. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या उद्याचं भाषण घोकत होत्या. "डॉक्टर, तुम्ही मला फार सांभाळून घेतलंत. पण आता..." मग थांबून, जरा ठामपणे, "पण आता माझं चॅनल बरं चाललंय."

तक्तासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसलं तर उद्या दुपारपर्यंत भाची काउंटरवर बसलेली असेल. सांगितलं तर हे गुणगुणणं आत्ता, या क्षणी थांबेल. त्यांनी सवयीने मनात तीन कारणं मांडली. डॉक्टरांची तब्येत, बाजारातली मंदी, आणि सोमवार चांगला नाही. तिन्ही खोटी होती, आणि त्यातलं कुठलं स्वस्तात पडेल हेही त्यांना लगेच कळलं. मग ते उठले आणि तक्ता तिथेच टाकून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, उद्या डॉक्टरांना काही सांगू नकोस."

"का?"

"तुझे व्ह्यूज म्हणजे आम्ही आहोत. मी, पोस्टमास्तर, सेक्रेटरी, माझं ऑफिस. चाचणीला एकच नमुना लागतो. कार्डात गोलकीपर घेतला, व्हिडिओत तुझी दप्तराची चेन घेतली."

वहिनी पलंगावर बसल्या. हातातला टॉवेल त्यांनी पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. "बघत तरी होता का कुणी?"

"लावून ठेवायचे. पोस्टमास्तर तर फोन चालू ठेवून झोपायचे."

"आणि तुम्ही?"

"व्हिडिओ सुरू होतो की नाही ते बघायचो. किती वेळात होतो, ते."

"चेन निघते की नाही ते?"

तक्तासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना लाज वाटली, आणि इतकी मनापासून वाटली की मधे कुठलाही नियम आड घालता येईना. बायकोच्या हातांकडे आपण कधी नीट बघितलंच नव्हतं, हे त्यांना त्या टॉवेलाकडे बघताना कळलं. वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला काउंटरवर जाऊन बसल्या. डॉक्टरांना त्यांनी पावतीपुस्तक संपत आल्याचं सांगितलं.

चाचणी बंद झाली तशी उलट्या गोलकीपरची मागणी एका आठवड्यात शून्यावर आली, आणि पुन्हा हललीही नाही. वहिनींचा आलेखही रोज पायरी पायरीने उतरू लागला. त्या बघत नसत. बघत होते तक्तासाहेब, ऑफिसात, फायलीआडून. दोघांत कामापुरतं बोलणं होई. नवा व्हिडिओ झाला नाही. चेन अडकलेली एक बॅग दरवाजाजवळ तशीच पडून होती, आणि तिच्यावरून पाय टाकून जायची दोघांना सवय झाली.

मग एका रविवारी दुपारी घुबडाचा एक दिवस फुकटचा नकाशा आपल्या नंबरवर उघडून वहिनी फोन हातात धरून बाहेरच्या खोलीत आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही कोण माणसं?"

आलेख खाली आला होता, पण तळाला टेकला नव्हता. जमिनीपासून बोटभर वर येऊन तो तसाच आडवा चालला होता. नकाशावरून गच्चीची टाकी गेली होती, सरकारी इमारत गेली होती. त्याऐवजी इकडे तिकडे विखुरलेले, टाचणीच्या डोक्याएवढे टिपके होते. एक समुद्रकाठच्या गावात, एक डोंगरात, एक तर दुसऱ्याच देशात. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'चेन निघाली. पोरगं वेळेवर शाळेत गेलं.'

"तुमच्या ऑफिसातलं कुणी बदलून गेलंय का तिकडे?"

"नाही."

"माझ्या भावाची गिऱ्हाइकं असतील."

"त्याला विचारलंय मी. त्याने माझ्याशी बोलणं टाकलंय, पण नाही म्हणाला."

"पोस्टमास्तरांचे कुणी?"

"त्यांचे सगळे याच शहरात आहेत."

"नीट बघा. मला पुन्हा तसं नकोय." वहिनींनी फोन पुढे केला. "एकेक बघून सांगा."

तक्तासाहेबांनी चष्मा पुसला. मोठं बिल तपासायला घ्यावं तसा त्यांनी फोन हातात घेतला आणि एकेक टिपका मोठा करत गेले. गल्लीपर्यंत, घरापर्यंत, छपरापर्यंत. कौलं बघितली, गच्च्या बघितल्या, एका दारात वाळत घातलेले कपडेही बघितले. साडू, मावसभाऊ, जुने सहकारी, उधार नेलेली छत्री परत न केलेला शाळेतला मित्र, सगळे आठवून बघितले. वहिनी उभ्याच होत्या. घाई करा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. शेवटचा टिपका झाल्यावर त्यांनी फोन परत दिला. इतक्या वर्षांत इतकं निःशंकपणे ते कधी काही बोलले नव्हते.

"यातल्या एकालाही मी ओळखत नाही."

"नक्की?"

"एकालाही नाही."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी दरवाजाजवळची बॅग उचलली, खिडकीपाशी टेबलावर ठेवली, फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून उभा केला आणि पदर खोचला. तक्तासाहेब उठून त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले. चेन निघते कशी ते त्यांना खरंच बघायचं होतं.

"सरका," वहिनी वर न बघता म्हणाल्या. "तुमची सावली पडतेय."